छापलेल्या शब्दाचा जामीन

गगनबावड्यात पावसाळ्यातली सकाळ म्हणजे ढगात बुडालेली सकाळ. स्टँडसमोरच्या टपरीचा पत्रा दिसत नाही, नुसता स्टोव्हचा आवाज येतो. अशात पेपरचे गठ्ठे उतरतात. प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेले, सुतळीनं आवळलेले. पेपर टाकणारा मुलगा सुतळी कापतो आणि आधी वरची प्रत चाचपून बघतो. ती बहुतेक वेळा भिजलेली असते. भिजलेली प्रत विकत नाहीत. ती टपरीच्या बाकावर पडते, आणि मग तिच्याभोवती चार माणसं जमतात. एकजण मोठ्यानं वाचतो, बाकीचे चहा फुंकत ऐकतात. मी गेलो त्या सकाळी वाचणारे गृहस्थ मध्येच थांबले आणि म्हणाले, "हे खरं असंल व्हय?" शेजारचा म्हणाला, "छापलंय न्हवं? मग काय तरी असंलच की."

मी जे शोधायला आलो होतो ते या दोन वाक्यांत मला सापडलं.

यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय 'शाई'. संपादकांनी माझ्याकडे सोपवलेला भाग होता तो वर्तमानपत्राचा मालक पुढे राजकारणी कसा होतो याचा. त्यांनी उदाहरण दिलं अमेरिकेतल्या होरेस ग्रीलीचं. या माणसानं १८४१ साली 'न्यूयॉर्क ट्रिब्यून' काढला, गुलामगिरीविरुद्ध लेखणी चालवली, आणि १८७२ साली थेट राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली. ग्रँटसमोर तो हरला आणि मतदानानंतर महिनाही उलटायच्या आत वारला. "असा आपल्याकडे कोण?" संपादकांनी विचारलं. उत्तर मराठी माणसाच्या ओठांवर असतं. बाळ गंगाधर टिळक.

टिळकांवर लिहायचं तर पुण्याला, केसरी वाड्यात जायचं, हे उघड होतं. तिथे मी याआधी अनेकदा जाऊन आलो आहे. या वेळी उलट्या बाजूनं निघावंसं वाटलं. टिळकांना पहिला तुरुंगवास घडला तो कोल्हापूरच्या राजाच्या प्रकरणात. गगनबावडा ही त्याच कोल्हापूर संस्थानातली एक जहागीर. कोल्हापूरपासून सुमारे ५५ किलोमीटर, घाटमाथ्याच्या अगदी कडेला. इथून पुढे करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट कोकणात उतरतात. छापलेला शब्द जिथे सगळ्यांत शेवटी पोचतो तिथे बसून पत्रकर्त्याच्या सत्तेकडे पाहिलं तर ती वेगळी दिसेल, असं मनात होतं.

अमात्यांचा कागद

बावड्याला शाईचं नातं वर्तमानपत्रापेक्षा फार जुनं आहे. ही पंत अमात्यांची जहागीर. गावामागे गगनगड उभा आहे. आज लोक तिथे गगनगिरी महाराजांच्या मठासाठी चढतात. धुकं फाटलं की गडावरून एका बाजूला देशावरचे ऊसमळे आणि दुसऱ्या बाजूला कोकणाचा खोल उतार दिसतो. हा मुलूख ज्यांच्या घराण्याकडे आला ते रामचंद्र नीलकंठ अमात्य म्हणजे स्वराज्याचा हिशेब आणि कागद सांभाळणारे. छत्रपती राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा 'हुकूमतपनाह' हा किताब घेऊन इथला कारभार त्यांनी पेलला. उतारवयात, १७१५च्या सुमारास, त्यांच्या नावावर असलेलं 'आज्ञापत्र' लिहिलं गेलं. राज्य कसं चालवावं, किल्ले कसे राखावेत, टोपीकर व्यापाऱ्यांना किती जवळ करावं, आरमारासाठी रयतेच्या परसातलं आंब्या-फणसाचं झाड तोडू नये, अशा गोष्टी त्यात बारकाईनं सांगितल्या आहेत.

गडाच्या पायऱ्या उतरताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. तो कागद हातानं लिहिलेला होता, तो मोजक्या डोळ्यांसाठी होता, आणि राज्यकारभारातल्या अशा कागदावर शिक्का आणि शेवटी मोर्तब असे. मोर्तब उमटली म्हणजे मजकूर इथे संपला आणि त्याची जबाबदारी अमक्याची, हे ठरलं. त्यानंतर कोणी ओळ घुसडू शकत नव्हतं, आणि 'मी असं म्हटलंच नाही' असं म्हणायचीही सोय नव्हती.

छपाई आली तेव्हा कागद हजारांच्या हातात गेला. मोर्तब गेली का? नाही, ती पानाच्या तळाशी सरकली. टपरीवरच्या त्या भिजलेल्या प्रतीच्या शेवटच्या पानावर, अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. हे पत्र अमक्यांनी अमक्या छापखान्यात छापून अमक्या ठिकाणी प्रसिद्ध केलं, संपादक अमुक. वाचक ही ओळ कधी वाचत नाही. पण १८६७च्या कायद्यानं ती घालणं बंधनकारक झालं, आणि सरकार, पोलीस, न्यायालय यांची नजर आधी तिच्यावरच जाते. वर्तमानपत्राचा मालक होणं म्हणजे त्या ओळीत आपलं नाव घालणं. पानावरच्या प्रत्येक शब्दाला आपण जामीन आहोत, असं ती ओळ सांगते.

उलटा खिळा

बावड्याजवळच्या एका वाडीत मला एक जुने जुळारी भेटले. वय पंचाहत्तरीच्या पुढे. कोल्हापुरातल्या वेगवेगळ्या छापखान्यांत तीसेक वर्षं त्यांनी खिळे जुळवले. ऑफसेट आलं, संगणक आला, आणि ते गावी परतले. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणालो. त्यांनी फळीवरून एक जुनी पितळी स्टिक काढली, तिच्यावरची धूळ पंचानं पुसली, आणि कागदाच्या पुडीतून आठ-दहा शिशाचे खिळे माझ्या तळहातावर ओतले. थंड, जड, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे.

"वाचा बघू," मामा म्हणाले.

मला वाचता येईना. अक्षर उलटं. आरशात बघितल्यासारखं.

"तुमाला उलटं दिसतंय, आमाला तेच सुलटं वाटायचं. रात्री घरी सुलटं पुस्तक वाचताना डोळं गोंधळायचं."

त्यांनी डाव्या हातात स्टिक धरली आणि उजव्या हाताची दोन बोटं हवेत भराभर फिरू लागली. समोर खिळ्यांची केस नव्हती, तरी हाताला तिच्यातली घरं ठाऊक होती. 'क' इथे, काना तिथे, अर्धी अक्षरं वरच्या रांगेत. इंग्रजीला शंभरेक घरांत भागतं. देवनागरीला जोडाक्षरं, वर मात्रा, खाली उकार, रफार असा पसारा लागतो. पुढे टिळकांनी स्वतः या पसाऱ्याशी झुंज घेतली. देवनागरी खिळ्यांची संख्या कमी कशी करता येईल याचा त्यांनी खटाटोप केला, त्याचं कारण मामांच्या हाताकडे बघताना मला कळलं. प्रत्येक जादा खिळा म्हणजे जादा शिसं, जादा वेळ, जादा पैसा.

एक ओळ भरली की ती ताणून घट्ट करायची. ओळी गॅलीत सरकवायच्या. दोरीनं बांधायच्या. शाई लावून कच्चं प्रूफ काढायचं. ते तपासणाऱ्याकडे जायचं, खुणा होऊन परत यायचं, आणि चिमट्यानं चुकीचा खिळा उपसून बरोबर बसवायचा. मग दुसरं प्रूफ. मग फर्मा आवळून छापायला.

"दोन प्रुफं झाल्याबिगर आमी मशीनला फर्मा चढवत नव्हतो," मामा म्हणाले. "एकदा कागदावर बसलं की धुऊन निघत न्हाई. चूक जुळाऱ्याची असली तरी कोर्टात मालक जातोय."

मी विचारलं, "आणि मजकूरच खोटा असला तर?"

मामांनी खिळे पुडीत परत भरले. "ते प्रुफात दिसत न्हाई, साहेब. तिथं मालकाचंच डोळं पायजेत."

पोरका राजा आणि बनावट पत्रं

टिळक आणि त्यांचे मित्र आगरकर यांची 'केसरी'च्या पहिल्या वर्षातली चूक नेमकी या जागेवरची होती. मजकूर जुळला होता, प्रूफ वाचलं होतं, पण ज्या कागदांवर विश्वास टाकला ते कागद खोटे होते.

कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० साली युरोपहून परतताना इटलीत फ्लॉरेन्सला वारले. त्यांचं स्मारक आजही तिथे नदीकाठच्या बागेत आहे. त्यांच्या मागे दत्तक घेतलेला मुलगा म्हणजे चौथे शिवाजी महाराज. गादीवर आले तेव्हा वय अवघं आठ वर्षांचं. कारभार इंग्रज अधिकाऱ्यांच्या आणि संस्थानच्या कारभाऱ्यांच्या हातात. मुलगा वाढू लागला तसं त्याच्या मनाची अवस्था बिघडल्याचं सांगण्यात येऊ लागलं. त्याला एकटं ठेवलं जातं, मारहाण होते, अशा बातम्या पुण्यापर्यंत पोचल्या. संस्थानचे कारभारी होते रावबहादूर माधवराव बर्वे. बर्व्यांनी लिहिलेली म्हणून काही पत्रं फिरू लागली. तरुण राजाला वेडं ठरवण्याचा, त्याहून भयंकर काही करण्याचा कट त्यांतून दिसत होता.

'केसरी' तेव्हा जेमतेम वर्षाचा होता. २ जानेवारी १८८१ला इंग्रजी 'मराठा' आणि ४ जानेवारीला मराठी 'केसरी' निघाला. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर, नामजोशी ही मंडळी. 'केसरी'चं संपादन आगरकरांकडे, 'मराठा'चं टिळकांकडे. पैसा नव्हता. खिळ्यांच्या पेट्या मंडळींनी स्वतःच्या खांद्यांवरून वाहिल्या, असं सांगतात. टिळकांचं वय चोवीस, आगरकरांचंही तेवढंच. अशा वयात आणि अशा आवेशात, आपल्या छत्रपतींचा वंशज पिंजऱ्यात कोंडला जातो आहे असं कोणी पुराव्यासकट सांगितलं, तर हात थांबणं कठीण. दोन्ही पत्रांनी बर्व्यांवर कडक लेख लिहिले. बर्व्यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद केली.

पत्रं बनावट असल्याचं पुढे आलं. चूक ध्यानात आल्यावर दोघांनी माफी मागितली, तरी खटला चालला. मध्येच, १७ मार्च १८८२ला, चिपळूणकर वारले. अवघे एकतीस वर्षांचे होते. १७ जुलै १८८२ला मुंबईत निकाल लागला. टिळक आणि आगरकर दोघांनाही चार-चार महिन्यांची साधी कैद झाली.

या प्रकरणातला एक धागा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. खटला चालू असताना जामिनासाठी दहा हजार रुपये हवे होते. ते उभे केले रामशेठ बापूशेठ उरवणे यांनी, महात्मा फुल्यांच्या सांगण्यावरून. ज्या फुल्यांच्या लेखनाची चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त चिरफाड केली होती, त्याच फुल्यांच्या सत्यशोधक वर्तुळातून जामीन आला. कोल्हापूरच्या गादीसाठी बोलणारा माणूस तुरुंगात जाऊ नये, एवढं त्यांना पुरेसं होतं.

डोंगरीचे १०१ दिवस

मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात दोघांना एका कोठडीत ठेवलं. चांगल्या वर्तणुकीची सूट मिळून २६ ऑक्टोबरला सुटका झाली. मोजून १०१ दिवस. आगरकरांनी बाहेर आल्यावर 'डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस' हे छोटं पुस्तक लिहिलं. तुरुंगातलं अन्न, झोप, ढेकूण, आणि त्या दोघांचे तासन्‌तास चालणारे वाद त्यात आहेत. आवाज इतके चढत की पहारेकऱ्यांना मध्ये पडावं लागे. वाद कशावर? दोघं शिकवत ती शाळा पुढे महाविद्यालय कशी होईल, समाज आधी सुधारायचा की राज्य आधी मिळवायचं यावर. पुढे या दोन मित्रांना ज्या प्रश्नानं वेगळं केलं, तो प्रश्न त्या कोठडीतच जन्माला आला होता.

सुटकेच्या दिवशी तुरुंगाबाहेर गर्दी जमली. मुंबईत 'दीनबंधू'चे नारायण मेघाजी लोखंडे आणि सत्यशोधक मंडळींनी दोघांचा सत्कार केला. पुण्यात मिरवणूक निघाली. आत गेले ते दोन मास्तर होते. बाहेर आले ती सगळ्या इलाख्याला नावानं ठाऊक असलेली दोन माणसं.

इथे थांबून एक गोष्ट नीट सांगायला हवी. टिळकांचं राजकीय वजन ज्या घटनेतून उभं राहिलं तिच्या मुळाशी एक खोटा कागद होता. लोकांनी तो पोटात घातला, कारण त्यामागचं दुःख त्यांना खरं वाटलं. आणि ते दुःख खरंच होतं. चौथ्या शिवाजी महाराजांना १८८२मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. २५ डिसेंबर १८८३ला ग्रीन नावाच्या इंग्रज शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर तिथेच त्यांचा मृत्यू झाला. वय वीस. कोल्हापुरात त्या मृत्यूची आठवण आजही हळव्या आवाजात निघते. पण म्हणून पत्रं खरी ठरत नाहीत. एखाद्याचं दुःख खरं असलं तरी त्याच्या बाजूनं छापलेला कागद तपासावाच लागतो. हा धडा टिळकांनी आयुष्यभर लक्षात ठेवला असावा, असं त्यांच्या पुढच्या लेखनाकडे पाहून वाटतं. नंतरचे त्यांचे लेख जळजळीत आहेत, पण ते सरकारी अहवाल, कायद्याची कलमं आणि आकडे हाताशी धरून लिहिलेले आहेत.

कर्जासकट मालकी

टिळक 'केसरी'चे मालक झाले ते पुष्कळ उशिरा, आणि ते मालक होणं म्हणजे कर्ज अंगावर घेणं होतं. आगरकर १८८७ला 'केसरी'तून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी 'सुधारक' काढला. १८९०ला टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. १८९१मध्ये वाटण्या झाल्या. आर्यभूषण छापखाना वासुदेवराव केळकर आणि हरि नारायण गोखले यांच्याकडे गेला, दोन्ही पत्रं टिळकांकडे आली, आणि त्यांबरोबर सुमारे सात हजारांचं कर्ज. प्रपंचासाठी टिळक कायद्याचे वर्ग चालवत होते. लातूरच्या एका जिनिंगच्या गिरणीत त्यांची भागीदारी होती. पत्र त्यांना पोसत नव्हतं, तेच पत्राला पोसत होते.

तरी त्यांनी पत्र सोडलं नाही. का, याचं उत्तर मला बावड्याच्या त्या बाकावर मिळालं. आजही एक प्रत चार माणसांत वाचली जाते. त्या काळात तर एक प्रत गावभर फिरत असे. १८९१ला कोल्हापूरला रेल्वे आली. टपालाचं जाळं घट्ट होत गेलं. मंगळवारी पुण्यात निघालेला अंक टपालाच्या पिशवीतून गावोगाव जायचा. शाळामास्तर, तलाठी, वकिलाचा कारकून यांच्यापैकी कोणीतरी तो मोठ्यानं वाचायचं, आणि अक्षरओळख नसलेली माणसं ऐकायची. वर्गणीदारांच्या आकड्यावरून 'केसरी'ची ताकद मोजता येत नाही ती याच कारणानं. १९०८च्या सुमारास खप २० हजारांच्या घरात गेला होता. ऐकणारे त्याच्या कितीतरी पट असणार.

या ऐकणाऱ्यांशी टिळकांनी थेट बोलायला सुरुवात केली. गणेशोत्सव सार्वजनिक झाला. रायगडावरच्या शिवसमाधीच्या जीर्णोद्धारासाठी 'केसरी'नं निधी मागितला आणि आलेल्या लहानमोठ्या देणग्या छापल्या. दूरच्या खेड्यातल्या माणसानं दिलेला आणा पत्रात नावासकट छापून येतो, ही त्याच्यासाठी मोठी गोष्ट होती. आपलं नाव पहिल्यांदा छापलेलं त्यानं तिथे पाहिलं असेल.

पानावरून सभागृहात

१८९५ला टिळक मुंबई कायदेमंडळावर निवडून गेले. त्याच वर्षी पुण्याच्या नगरपालिकेतही. ग्रीली जे राष्ट्राध्यक्षपदापर्यंत जाऊन करू पाहत होता, ते गुलाम देशात शक्य नव्हतं. इथल्या सभागृहात प्रश्न विचारता यायचे, निर्णय घेता यायचे नाहीत. म्हणून टिळकांचं खरं सभागृह 'केसरी'च राहिलं.

१८९६-९७च्या दुष्काळात हे स्पष्ट दिसलं. सरकारी दुष्काळ संहितेत रयतेला सवलती होत्या, पण त्या रयतेला ठाऊकच नव्हत्या. 'केसरी'नं ती कलमं सोप्या मराठीत छापली. माणसं गावोगाव गेली, लोकांना सांगत की सारा माफीचा हक्क तुमचा आहे, तो मागा. सरकारचाच कागद सरकारसमोर धरणं, ही राजकारणाची नवी तऱ्हा होती. मला स्वतःला टिळकांचं हे काम त्यांच्या सगळ्या भाषणांहून मोठं वाटतं.

त्याच सुमारास प्लेगच्या बंदोबस्तातला जाच, २२ जून १८९७ला प्लेग अधिकारी रँडवर झालेला गोळीबार, आणि २७ जुलैला टिळकांना अटक. 'केसरी'तल्या मजकुरावरून राजद्रोहाचा खटला. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी सरकारविषयी प्रेम नसणं म्हणजेच अप्रीती, असा कायद्याचा अर्थ ज्यूरीला सांगितला. नऊ जणांच्या ज्यूरीत सहा युरोपीय. अठरा महिन्यांची शिक्षा, त्यांतलं वर्ष भोगून सुटका. १९०८ला पुन्हा राजद्रोह, सहा वर्षं मंडाले. दोन्ही वेळा शिक्षेचं कारण होता छापलेला शब्द. दोन्ही वेळा ते पानाच्या तळाच्या ओळीतून पळाले नाहीत.

जे छापलं गेलं नाही

एवढं लिहून थांबलो तर कोल्हापूरच्या मातीशी मी बेइमानी केली असं होईल. बावड्याहून परतलं की कोल्हापुरात पंचगंगा भेटते. १८९९ साली याच पंचगंगेवर कार्तिक स्नानाच्या वेळी शाहू महाराजांच्या ध्यानात आलं की आपल्यासाठी वेदोक्त मंत्र म्हटले जात नाहीत, पुराणोक्त म्हटले जातात. चौथ्या शिवाजी महाराजांच्या मागून, १८८४ला दत्तक आलेला हा राजा. ज्या गादीसाठी टिळक डोंगरीत गेले त्याच गादीवर तो बसला होता. वेदोक्ताच्या त्या वादात 'केसरी' राजाच्या बाजूनं उभा राहिला नाही. तो पुरोहितांच्या बाजूनं राहिला.

याचा अर्थ कोल्हापूरनं पुरता ओळखला. पत्र ज्याचं, दुःख त्याला दिसेल तेवढंच छापलं जाणार. तेव्हा आपलं दुःख छापायचं तर आपली पत्रं हवीत. २६ जुलै १९०२ला शाहू महाराजांनी मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. तो छापला गेला संस्थानच्या गॅझेटात. १९२०च्या जानेवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' काढला, त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे मोजूनही 'केसरी'नं छापली नाही. ज्या पत्राच्या मालकाला फुल्यांच्या माणसांनी जामीन दिला होता, त्या पत्राकडे जाहिरातीएवढीही जागा उरली नाही. हे टिळकांच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षातलं. १ ऑगस्ट १९२०ला ते मुंबईत सरदारगृहात वारले.

टिळकांना लहान करण्यासाठी मी हे लिहीत नाही. दुष्काळात रयतेच्या हाती कायदा देणारा माणूस लहान होत नाही. पण पत्राचा मालक जेव्हा राजकारणी होतो तेव्हा दोन गोष्टी तपासायच्या असतात. त्यानं काय छापलं आणि त्याची किंमत दिली का? यात टिळक पुरेपूर उतरतात. त्यानं काय छापलं नाही? इथे ते कमी पडले, आणि ती कमी भरून काढायला दुसऱ्यांना नवे छापखाने उभे करावे लागले. 'मूकनायक' आणि कोल्हापुरात पुढे निघालेली बहुजन समाजाची पत्रं ही त्या उणिवेची उत्तरं आहेत. महाराष्ट्राचं राजकारण या सगळ्या पानांवर मिळून घडलं.

मांडुकलीचं पाणी

परतीच्या दिवशी पाऊस वाढला. कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावर मांडुकलीजवळ पाणी आलं की वाहतूक थांबते, हे इथलं पावसाळ्यातलं नेहमीचं. त्या दिवशी पेपरची गाडी आलीच नाही. बाकावर तीच चार माणसं होती, पण हातात पेपरऐवजी फोन. धरण फुटल्याचा एक संदेश चित्रासकट फिरत होता. कुठलं धरण, कोणी बघितलं, कधीचं, काही नव्हतं. एकाच्या फोनवरून दुसऱ्याच्या फोनवर, तिथून घरच्यांच्या गटावर. टपरीवाल्यानं घाबरून मुलीला शाळेतून परत बोलावलं. दुपारपर्यंत कळलं की चित्र दुसऱ्याच राज्यातलं आणि काही वर्षांपूर्वीचं होतं.

मामा तिथे छत्री टेकवून बसले होते. त्यांनी माझा फोन मागून घेतला, संदेश वरपासून खालपर्यंत सरकवत नेला, आणि मला परत दिला.

"खाली छापणाऱ्याचं नावच न्हाई," ते म्हणाले.

अमात्यांच्या काळी कागदावर मोर्तब होती. टिळकांच्या पत्रावर तळाशी नाव होतं, आणि त्या नावाच्या माणसानं आधी १०१ दिवस, मग वर्ष, मग सहा वर्षं भोगली. आज बातमी आपल्या हातून पुढे जाते तेव्हा तिचे प्रकाशक आपणच असतो. मग तिचे जामीनही आपणच. मामांच्या छापखान्यात दोन प्रुफं झाल्याशिवाय फर्मा मशीनवर चढत नसे. वाचकहो, तुमच्याकडे ही दिवाळी शुभेच्छांबरोबर अशा अनेक खबरा घेऊन येईल. पुढे पाठवण्याआधी एक प्रूफ वाचा, आणि खाली कोणाचं नाव आहे ते बघा.